वर्गणी आधी, सही नंतर : पारशिवनी परिसरातल्या छोट्या अनुदानांची दीडशे वर्षं

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. लाख-दोन लाखांची, फार तर पाच-दहा लाखांची अनुदानं. मोहल्ल्यातली नाली, शाळेची संरक्षक भिंत, तलावाची पाळ, पाण्याची टाकी. इतिहासाच्या पुस्तकात अशा कामांना ओळसुद्धा मिळत नाही. पण सरकार आणि गाव यांच्यातला खरा व्यवहार याच कामांत दिसतो, असं आमचं मत आहे. पैसा कोणाचा, घाम कोणाचा आणि कागदावर सही कोणाची, हे तीन प्रश्न धरून आज आपण चालणार आहोत.

जागा ठरवून घेऊ. नागपूरच्या उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटरवर पारशिवनी. आज ते तालुक्याचं गाव आहे, जुन्या काळात रामटेक तहसिलीत होतं. पेंच नदी इथूनच खाली येते. घोगरा महादेवाच्या खडकांतून ती कशी वाट काढते ते अनेकांनी पाहिलं असेल. वरच्या अंगाला पेंचचं जंगल, खाली कन्हान-गोंडेगावकडे कोळशाच्या खाणी. आणि मध्ये नवेगाव खैरीचं धरण, जिथलं पाणी नागपूर शहर पितं. हे धरण लक्षात ठेवा. व्याख्यानात आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

सुरुवात मालगुजारीपासून करावी लागते. मध्य प्रांतात इंग्रजांनी गावाचा सारा गोळा करणाऱ्याला गावाचा मालकच करून टाकलं, तो मालगुजार. पूर्व विदर्भात तलावांची जी जुनी परंपरा आहे, गोंड राजांच्या आणि भोसल्यांच्या काळापासूनची, भंडारा-चांद्याकडे कोहळी समाजाने जोपासलेली, ते तलाव अशा रीतीने मालगुजारांच्या ताब्यात आले. आज आपण त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. रामटेकच्या बाजूलाही ते आहेत. पावसाळ्याआधी पाळ बघायची, फुटली असेल तर माती टाकायची, पाट साफ करायचे, हे काम गावाने करायचं. देखरेख मालगुजाराची.

आता याला काही लोक फार प्रेमाने ‘लोकसहभाग’ म्हणतात. आम्ही जरा सावध राहू. पाळीवर माती टाकायला सगळं गाव जात असे, पण सगळे सारखे जात नसत. ज्याचं धान तलावाच्या पाण्यावर होतं तो आपल्या पिकासाठी जायचा. ज्याच्याकडे जमीनच नव्हती तो मालगुजाराचा शब्द मोडता येत नाही म्हणून जायचा. पहिल्याचं श्रमदान, दुसऱ्याची वेठ. घाम दोघांचा एकाच मातीत मुरला, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसलं. पुढे सरकारने जेव्हा जेव्हा ‘लोकांनी श्रमरूपाने हिस्सा द्यावा’ असं लिहिलं, तेव्हा हा फरक कागदावर कुठेच नव्हता.

१८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. आपल्याकडे लगेच पुढच्या वर्षी, १८८३ मध्ये, मध्य प्रांताचा स्थानिक स्वराज्य कायदा झाला. जिल्ह्याला डिस्ट्रिक्ट कौन्सिल, तिच्याखाली लोकल बोर्ड. या बोर्डांवर कोण होतं? गावांचे गट पाडून त्या गटांच्या मुकद्दमांमधले प्रतिनिधी आणि व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी. शाळा, रस्ते, कोंडवाडे, दवाखाने अशी कामं त्यांच्याकडे. पैसा कुठून? मुख्यतः जमीन महसुलाबरोबर वसूल होणारे उपकर. म्हणजे शेतकरी रस्त्यासाठी आणि शाळेसाठी वेगळा पैसा देत होता. तो कुठल्या रस्त्याला लागावा हे मात्र मुकद्दम आणि डेप्युटी कमिशनर ठरवत होते. व्याख्यानाचं शीर्षक इथून आलं आहे. वर्गणी १८८३ लाच सुरू झाली. सहीची वाट बघावी लागली.

मधली साठ वर्षं आपण भरभर ओलांडू. १९२० च्या कायद्यांनी निवडणुकीचा भाग वाढवला, पंचायती कागदावर आल्या, काही ठिकाणी चालल्या, बऱ्याच ठिकाणी नाही.

मग १९४८. स्वातंत्र्यानंतरचा एक धाडसी प्रयोग आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात झाला आणि आज तो जवळजवळ विसरला गेला आहे. जनपद सभा. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने डिस्ट्रिक्ट कौन्सिली मोडून तहसील हा कारभाराचा घटक करण्यात आला. कल्पना अशी की जिल्हा फार लांब पडतो, गाव फार लहान पडतं, तहसील बरोबर हाताशी आहे. पारशिवनीच्या माणसाच्या दृष्टीने सांगायचं तर कामाचा अर्ज घेऊन नागपूरला जाण्याऐवजी रामटेकला जायचं. बैलगाडीच्या काळात हा फरक लहान नव्हता. पण जनपदाला उत्पन्नाची साधनं तोकडी, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारी. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तरी जनपद सभा १९६२ पर्यंत कशाबशा चालू राहिल्या.

त्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगाण्यावर जो प्रहार केला तो प्रसिद्ध आहे. खेडं म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचं आगर, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आमच्या आजच्या विषयाला ते भाषण फार जवळचं आहे. कारण ‘गावाने ठरवावं’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच : गावात ठरवतं कोण? नळकोंडाळं कुठल्या मोहल्ल्यात बसलं, हे पाहिलं की त्याचं उत्तर मिळतं.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. जमिनीच्या दृष्टीने ती मोठी सुटका होती, त्याबद्दल दुमत नाही. पण तलावांचं काय झालं ते बघा. मालक गेला, तलाव सरकारचा झाला, आणि पाळीवर माती टाकायला गावाला बोलावणारा कोणी उरला नाही. गाव म्हणे तलाव सरकारचा. सरकार म्हणे दुरुस्तीला तरतूद नाही. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, तरी गाळ साचत राहिला. वेठ गेली हे उत्तम झालं. तिच्या जागी काय आणायचं याचा विचार मात्र त्या वेळी कोणी केला नाही.

विचार वेगळ्या दिशेने आला. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ, १९५३ पासून, ‘स्थानिक विकास कामे’ नावाची केंद्राची अनुदान योजना. आजच्या छोट्या अनुदानांची ही खरी आजी. पिण्याच्या पाण्याची विहीर, जोडरस्ता, लहान पूल, शाळेची खोली अशी कामं. अट एकच : खर्चाचा साधारण निम्मा हिस्सा लोकांनी द्यायचा, रोख, सामानाच्या रूपाने किंवा श्रमाने. निम्मा! आजचे दहा टक्के ज्यांना जड वाटतात त्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

विदर्भात या अटीला एक अनुकूल हवा होती, ती तुकडोजी महाराजांनी तयार केलेली. १९३५ पासून मोझरीचा गुरुकुंज, गावोगावी सामुदायिक प्रार्थना, रामधून काढत गाव झाडणं, आणि १९५५ मध्ये ‘ग्रामगीता’. तरुणपणी महाराज रामटेकच्या रानांत राहिले होते, त्यामुळे या भागाला ते आपलेच. खंजिरीच्या भजनाला जमलेली माणसं दुसऱ्या दिवशी घमेली घेऊन येत. सरकारी योजनेला जे परिपत्रकाने साधत नव्हतं ते एका भजनाने साधत होतं. यात आम्ही अतिशयोक्ती करत नाही. विदर्भातल्या कितीतरी गावांत जुन्या माणसांना विचारा, अमुक रस्ता श्रमदानाने झाला, असं ते आजही बोटाने दाखवतात.

तरीही १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने अहवाल दिला तो निराशेचाच. सामुदायिक विकासाला लोकांचा पुढाकार मिळालेला नाही, असं समितीला दिसलं, आणि कारणही तिने बरोबर पकडलं : निवडून आलेल्या संस्थांच्या हाती अधिकार आणि पैसा दिल्याशिवाय लोक पुढे येणार नाहीत. श्रम मागता, निर्णय देत नाही, हे किती दिवस चालणार? महाराष्ट्रात त्यावर वसंतराव नाईक समिती बसली, १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. नाईक विदर्भातले, पुसदचे, त्यांना जनपद सभेचा अनुभव जवळून माहीत होता. पण त्यांच्या समितीने वजन तहसिलीवर न टाकता पुन्हा जिल्ह्यावर टाकलं. आमच्या मते पारशिवनीसारख्या कडेच्या भागाला हे महाग पडलं. यावर मतभेद असू शकतो.

पुढची चाळीस वर्षं म्हणजे योजनांची खानेसुमारी. दलित वस्ती सुधार, ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा, आमदार निधी, १९९३ च्या डिसेंबरपासून खासदार निधी. आणि ज्याचं नाव गावागावात लहान पोरालाही ठाऊक आहे तो ‘पंचवीस पंधरा’. खरं तर हे नाव नाहीच, तो हिशेबातल्या लेखाशीर्षाचा क्रमांक आहे, २५१५. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामं या शीर्षाखाली होतात. ‘आपला सिमेंट रोड पंचवीस पंधरातून झाला’ असं माणसं सहज बोलतात. काम गावाचं, पण सुचवणारा लोकप्रतिनिधी, आणि रस्ता व्हायच्या आधी फलक उभा. इथे लोकांकडून वर्गणी मागितली जात नाही, हे खरं. पण लोकांना विचारतं तरी कोण? या कामांनी गावाचं भलं झालं नाही असं आम्ही म्हणणार नाही. पावसाळ्यात चिखलातून शाळेत जाणाऱ्या पोराला फलकावर कोणाचं नाव आहे याने फरक पडत नाही.

खरी कलाटणी २००० च्या आसपास मिळाली. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. यात गंमत अशी की आधी पैसा नाहीच. आधी काम, मग स्पर्धा, मग बक्षीस. गावं अक्षरशः पेटून उठली. भिंती रंगल्या, उकिरडे गावाबाहेर गेले. टीकाही झाली, तपासणी समिती गेली की झाडू कोपऱ्यात, अशी. ती काही ठिकाणी खरीही होती. पण बक्षिसाच्या पैशाचं काय करायचं हे ठरवायला गाव प्रथमच आपल्या जोरावर बसलं, हे त्या अभियानाचं श्रेय.

याच सुमारास पिण्याच्या पाण्याचं धोरण बदललं. शासन योजना बांधून देणार आणि गाव नळ उघडणार, हे बंद. आता गावाने मागणी करायची, ग्रामसभेने योजना निवडायची, दहा टक्के लोकवर्गणी भरायची आणि पुढे देखभालीचा खर्च स्वतः करायचा. २००२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राची स्वजलधारा आली, २००३ पासून जागतिक बँकेच्या कर्जाची जलस्वराज्य योजना राज्यातल्या २६ जिल्ह्यांत. जलस्वराज्यात आदिवासी भागाला पाच टक्क्यांची सवलत होती. या योजनेकडे आम्ही आदराने पाहतो, कारण पैसा थेट गावाच्या समितीच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने जात होता. पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला. शिवाय महिलांची वेगळी समिती, तिच्या हाती वेगळा थोडा निधी. हिशेब तपासायला गावातलीच सामाजिक लेखापरीक्षण समिती. ज्या बाईने आयुष्यभर डोक्यावर गुंड वाहिला तिने पाइपच्या दरपत्रकावर सही करायची! हे दृश्य १८८३ च्या मुकद्दमाला कल्पनेतही सुचलं नसतं.

आता लोकवर्गणीची दुसरी बाजू. समजा योजना वीस लाखांची. दहा टक्के म्हणजे दोन लाख. दोनशे घरांचं गाव असेल तर घरामागे हजार रुपये. त्या काळी शेतमजुराला हजार रुपये म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. सगळे भरत नाहीत. तारीख जवळ येते, वर्गणी भरल्याशिवाय हप्ता सुटत नाही. मग अनेक गावांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे : ठेकेदाराने गावाच्या नावाने पैसे भरले. पावती गावाची, पैसा ठेकेदाराचा, आणि तो पैसा त्याने कामातून वसूल केला. पाइप पातळ, टाकी गळकी. ज्या अटीने गावाला मालक करायचं होतं तिनेच गावाला ठेकेदाराच्या दारात नेऊन बसवलं. पुढे ई-निविदांची मर्यादा आली तेव्हाही तीच तऱ्हा, तीन लाखांवर निविदा लागते ना, मग एकाच नालीचे तीन तुकडे करा.

इथे आपण नवेगाव खैरीला परत येऊ. त्या धरणाचं पाणी कालव्याने आणि पाइपने नागपूरला जातं. नागपूरकर पाणीपट्टी भरतात, महापालिका तिचा वाटा उचलते, ते सगळं ठीक. पण शहरात पाणी आणण्याआधी सीताबर्डीत किंवा इतवारीत घरोघरी फिरून दहा टक्के गोळा करा, नाहीतर योजना नाही, अशी अट घातली गेली नाही. धरणाच्या काठावरच्या गावाला मात्र स्वतःच्या नळासाठी वर्गणी गोळा करून आपली निष्ठा सिद्ध करायची. आम्ही वर्गणीच्या विरोधात नाही. फक्त ती नेहमी ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडेच का मागितली जाते, हा प्रश्न १९५३ च्या निम्म्या हिश्शापासून आजपर्यंत कोणी नीट विचारलेला नाही.

बाहेर जरा डोकावू. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून नागरिकांना अंदाजपत्रकाचा काही भाग ठरवू दिला. तिथे वर्गणीची अट नव्हती. वस्तीच्या बैठकीला या, कुठलं काम आधी ते ठरवा, एवढंच. केरळने १९९६ मध्ये नियोजनाचा एक तृतीयांशाहून जास्त निधी स्थानिक संस्थांकडे सोपवला, तोही गावाने योजना कशी करावी याचं प्रशिक्षण देत. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचनांवर प्रभागातली लहान कामं घ्यायला सुरुवात केली, एका कामाला पाच लाखांची मर्यादा. पदपथ, बाक, दिवे. पारशिवनीच्या माणसाला हसू येईल, पण तत्त्व तेच : आधी निर्णय, मग बाकीचं.

आपल्या भागात निर्णयाचा पैसा म्हणावा असा पहिला मोठा ओघ आला तो १४ व्या वित्त आयोगाचा, २०१५ पासून. पैसा थेट ग्रामपंचायतीला. देशाची सरासरी धरली तर माणशी वर्षाला सुमारे ४८८ रुपये. हजार वस्तीच्या गावाला पाच लाखांच्या आसपास. ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून आराखडे झाले. १५ व्या आयोगाने पुन्हा त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. बंधित आणि अबंधित हे दोन शब्द त्यामुळे सरपंचांच्या बोलण्यात रुळले.

अबंध निधीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. पेसा कायद्याच्या गावांना महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट देण्याचं ठरवलं. गडचिरोलीतल्या गावाला त्याचा लाभ. पण अनुसूचित क्षेत्राच्या यादीत नागपूर जिल्हा नाही. म्हणजे कोलितमाऱ्याच्या बाजूचा गोंड आणि गडचिरोलीचा गोंड, दोघांच्या दारातलं जंगल सारखं, पण एकाच्या ग्रामसभेला जो अधिकार आहे तो दुसऱ्याच्या नाही. त्याच्या वाट्याला येतो तो वनविभागाचा मार्ग. पेंच १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प. बफरमधल्या गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे : गॅस जोडण्या, शेताला कुंपण, शिवणयंत्रं, पर्यटनाचं प्रशिक्षण. गावात ग्राम परिस्थितिकीय विकास समिती असते, अध्यक्ष गावचा, सचिव वनविभागाचा कर्मचारी, आणि खातं दोघांचं. काही गावांत या पैशाने चुलीचा धूर आणि सरपणासाठी वाघाच्या वाटेवरची पायपीट दोन्ही कमी झाली, हे मोठंच काम. पण दुसरी सही ज्याची आहे तोच माणूस उद्या तेंदूपत्ता किंवा सरपण यावरून गावकऱ्याला अडवणारही असतो. अशा खात्यावर गाव मोकळेपणाने किती बोलेल?

२०१९ मध्ये जल जीवन मिशन आलं. वर्गणी तशीच, डोंगराळ-वनक्षेत्रात आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत पाच टक्के, इतरत्र दहा. एक सुधारणा मात्र चांगली : योजना पूर्ण झाली की गावातल्या कामाच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम गावाला देखभालीसाठी फिरता निधी म्हणून परत द्यायची, अशी तरतूद मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणजे सत्तर वर्षांत प्रथमच वर्गणी गावाकडे परतण्याची वाट लिहिली गेली.

आता शेवटचा मुद्दा, खुद्द पारशिवनी गावाचा. पारशिवनी आता नगरपंचायत आहे. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, मुख्याधिकारी. निधी वाढला, दिवाबत्ती सुधारली. पण ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. वर्षाला किमान चार सभा, शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार यांतला जो आकडा कमी असेल तेवढा कोरम, आधी महिलांची सभा, प्रोसिडिंगमध्ये ठराव. ती सभा अनेकदा तहकूब व्हायची, तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून मुद्दामही व्हायची. पण पारावरचा म्हातारा उठून ‘माझ्या घरापुढची नाली कुठे गेली?’ असं विचारू शकत होता आणि ग्रामसेवकाला ते लिहून घ्यावं लागत होतं. नगरपंचायतीच्या सभेत फक्त नगरसेवक बोलतात. शहरांसाठी क्षेत्र सभेची तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात केली, जवळपास एका मतदान केंद्राएवढ्या वस्तीची सभा, अशी. राज्यातल्या बहुतेक शहरांत ती कागदावरच आहे. गल्ली तीच, माणसं तीच, पिंपळाचा पार तोच. पारशिवनीहून दोन-चार किलोमीटरवरच्या खेड्यातल्या बाईला पाणी समितीच्या खात्यावर सही करता येते. पारशिवनीच्या पेठेतल्या बाईला तिच्या नालीबद्दल आधी नगरसेवकाचं दार गाठावं लागतं.

पुढच्या वेळी आपण मामा तलावांकडे सविस्तर जाऊ, जिल्हा परिषदेच्या नोंदवहीतले तलाव आणि जमिनीवरचे तलाव. तोपर्यंत तुमच्या गावात ग्रामसभेचं किंवा पाणी समितीचं जुनं प्रोसिडिंग बुक कोणाच्या कपाटात असेल तर ते एकदा उघडून बघा, आणि त्यात सह्या किती आणि अंगठे किती ते मोजा.